परप्रांतींची नोकरी आणि परिचारिका

केरळांतून मुंबईस अधिक वेतनाच्या जागेवर येणाऱ्या परिचारिकेबरोबर तिची पदवी येते. व्यवसायाचा अधिकार मात्र आपोआप येत नाहीं. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्यानें मान्य शिक्षण देशभर ग्राह्य धरलें, परंतु नोंदणी राज्याराज्यांच्या परिषदांकडेच ठेवली. म्हणून मूळ परिषदेचें ना-हरकत पत्र घेऊन महाराष्ट्राच्या परिषदेंत नांव दाखल करावें लागतें. तें होण्यापूर्वींच जुन्या जागेचा राजीनामा देणें म्हणजे हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागणें होय. वेतनाचा हिशेबही असाच सावधपणें करावा. खोलीचें भाडें, खाणावळ आणि गांवीं जाण्यायेण्याचा रेल्वेखर्च वजा जातां पूर्वीपेक्षां जें अधिक घरीं धाडतां येईल, तेवढीच तिची खरी वेतनवाढ.