परदेशी निघालेल्या लेकराची धडधड

शिक्षणासाठी परदेशी जाणं ही आता आपल्या वस्त्यांत नुसती ऐकीव गोष्ट राहिली नाही. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ७५ जागा आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी. काही महाविद्यालयं एका सत्रासाठीही मुलांना बाहेर पाठवतात. निवड झाली की विहारात सत्कार होतो, चौकात फलक लागतो, पाहुणे पेढे मागतात. पण लेकराला रात्री झोप लागते का, हे फारसं कुणी विचारत नाही.

निघायच्या आधीच्या महिन्यात अशी मुलं पित्ताची गोळी मागायला येतात. जेवण जात नाही, छातीत धडधडतं, सारखं शौचाला जावं लागतं, पहाटे तीनला जाग येते. 'पेपर नाही, काही नाही, मग असं का होतंय?' असं विचारतात. भीती वाटते, हा शब्द मात्र तोंडातून निघत नाही. सगळी वस्ती कौतुक करत असताना भीती कशी सांगायची?

ही धडधड म्हणजे भित्रेपणा नव्हे. अनोळखी गोष्ट समोर आली की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं. रक्तात ॲड्रेनालिन वाढतं, हृदय जोरात चालतं, पोटाचं काम बिघडतं, झोप उडते. आपल्या भागाला हे नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागातली धडधाकट माणसं कितीतरी दिवस घरात झोपायला धजत नव्हती. त्यांना कुणी भित्रं म्हटलं नाही. मग घर, भाषा, जेवण, हवा सगळं एका दिवसात बदलणार असलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला का म्हणायचं?

बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा २२ वर्षांचे होते. वडील रामजीबाबा जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. रमाई मुंबईत होत्या. बडोद्याची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड होती. सुरुवातीला वसतिगृहातलं जेवण त्यांना रुचलं नाही, राहण्याची जागा बदलावी लागली. पुढे नवल भथेना हे पारशी मित्र भेटले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. आपण लेकरांना त्यांच्या अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाचं सांगतो. न रुचलेलं जेवण, बदललेली खोली आणि सोबतीला मिळालेला मित्र, हेही सांगू या. त्याने मुलाला जास्त धीर येतो.

घरच्यांनी काय करावं

'तू समाजाचं नाव काढायचं' हे वाक्य एकदा पुरे. रोज ऐकवलं की त्याचं ओझं होतं. त्यापेक्षा रोज संध्याकाळी दहा मिनिटं सोबत बसा आणि विचारा, 'कशाची काळजी वाटते?' उत्तर आलं की लगेच 'काही होत नाही' म्हणू नका. कागदावर लिहून घ्या. पैसे संपले तर? इंग्रजी समजलं नाही तर? आजारी पडलो तर? लिहिलेल्या भीतीवर उपाय शोधता येतो. आजारपणाच्या प्रश्नाचा उपाय तर निघायच्या आधीच करता येतो.

तीन महिने आधी

क्षयरोगाचं आधी बघा. ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जायचं असेल तर भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोग नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते ब्रिटिश सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातूनच मिळतं, आपल्या गावच्या एक्स-रेवर चालत नाही. आपल्या वस्त्यांत दाटीची घरं, त्यामुळे घरात कुणाला तरी टीबी होऊन गेलेला असतो. जुना टीबी पूर्ण बरा झाला तरी एक्स-रेत डाग दिसू शकतो. मग बेडका तपासायला पाठवतात, आणि त्या तपासणीला दोन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. विद्यापीठ सुरू होतं आणि मूल इथेच अडकतं. म्हणून पूर्वी उपचार झाले असतील तर लपवू नका. उपचार पूर्ण केल्याचं कार्ड, जुने एक्स-रे, सरकारी दवाखान्यातली नोंद शोधून ठेवा. टीबी होऊन गेला ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. तो पूर्ण बरा केला, हा अभिमान आहे.

लसीचं कार्ड शोधा. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन डोसांचा पुरावा मागतात. दोन डोसांत किमान २८ दिवसांचं अंतर लागतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. कार्ड हरवलं असेल तर डॉक्टरांना विचारून लस पुन्हा घेता येते.

दात आणि डोळे तपासून घ्या. परदेशात दातांचा खर्च फार येतो आणि बऱ्याच विम्यांत तो धरत नाहीत. कीड इथेच भरून घ्या. चष्मा असेल तर एक जास्तीचा आणि नंबरचा कागद सोबत द्या. मुलींचं हिमोग्लोबिन तपासा. कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आत्ताच सुरू करा.

एक महिना आधी

थायरॉईड, दमा, फिट, साखर, मनाचा आजार, ज्याची गोळी चालू आहे ती बंद करू नका. 'तिकडे कळलं तर परत पाठवतील' या भीतीने गोळ्या सोडणारी मुलं असतात. गोळी सोडल्यावर आजार उलटला तर खरी अडचण होते. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या. त्यात आजार, औषधातल्या घटकाचं नाव आणि डोस लिहिलेला हवा. गोळ्या मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत ठेवा. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही औषधांवर बाहेरच्या देशांत कडक नियम आहेत, ते आधी बघा. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी मुळीच आणू नका.

विम्याचा कागद नीट वाचा. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त शिकायचं असेल तर व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो, विद्यार्थ्याला तो वर्षाला ७७६ पौंड आहे. एवढे पैसे भरलेत, तर पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळच्या सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदवायचं. सहा महिन्यांच्या आतलं सत्र असेल तर विमा आपला आपण काढावा लागतो. तातडीचे नंबर मोबाइलमध्ये आणि कागदावरही लिहा: ब्रिटन ९९९, अमेरिका ९११, युरोपीय देशांत ११२.

धडधड फार वाढली तर

एकदम श्वास अडकतो, हात थरथरतात, आता मरतो असं वाटतं, असा झटका येऊ शकतो. तो बहुधा दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. खाली बसावं, पाय जमिनीवर टेकवावे. चार आकडे मोजत श्वास आत घ्यावा, सहा मोजत सोडावा. विहारात आनापान शिकलेल्यांना हे सोपं जातं. पहिल्यांदाच असं झालं किंवा छातीत दुखलं तर दवाखान्यात दाखवावंच.

दोन आठवडे झोप-जेवण नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर थांबू नका. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना सांगा. टेलिमानस हा सरकारचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतून बोलता येतं. निघणं थोडं पुढे ढकलावं लागलं तर विद्यापीठाला विचारता येतं. जीव पुन्हा मिळत नाही.

पोहोचल्यावर

पहिले काही आठवडे घरची आठवण जोरात येते. हिवाळ्यात तिकडे दुपारी चारलाच अंधार पडतो, त्याने मन आणखी खाली जातं. रोज उजेडात चालावं आणि एक वेळ तरी कुणासोबत जेवावं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात सगळ्यांना 'ड' जीवनसत्त्वाची गोळी घ्यायला सांगतात, सावळ्या रंगाच्या लोकांना तर वर्षभर. ती स्वस्त मिळते.

फोनची वेळ ठरवून घ्या. लोहाऱ्यात रात्रीचे ९ वाजतात तेव्हा हिवाळ्यात लंडनमध्ये दुपारचे साडेतीन असतात. म्हणजे मायला जागायला नको आणि लेकराला तास बुडवायला नको. फोनवर 'अभ्यास कसा चाललाय?' हे दुसऱ्यांदा विचारा. पहिल्यांदा विचारा, 'जेवलास का? झोप लागली का?' आणि 'नाही' असं उत्तर आलं तर रागावू नका. ते ऐकून घ्या.