चिरुटाचा डौल आणि निपाणीचा तंबाखू

सावजी मंडळींची वस्ती आणि त्यांच्या खानावळी यांसाठी हुबळीतील कमरीपेठ ओळखली जाते. तिखट रश्श्याचे जेवण आटोपून तेथून बाहेर पडणारा गृहस्थ बहुधा पानाच्या टपरीकडे वळतो. कुणी विडा तोंडात घालतो, कुणी विडी वा सिगारेट शिलगावतो. चार मित्रांनी रस्त्याकडेला उभे राहून घालवलेला अर्धा तास, ही या बाजूच्या पुरुषांची जुनी चैन. आता समाजमाध्यमांनी चैनीचे दुसरेच चित्र पुढे आणले आहे. त्यात चामड्याची खुर्ची असते, प्याल्यात व्हिस्की असते आणि बोटांत जाडजूड सिगार असतो. ‘यशस्वी पुरुष’ म्हणजे हाच, असे त्या चित्राचे म्हणणे.

या सिगारचे कौतुक कशाचे, हे आधी पाहू. सिगारेटप्रमाणे यात कागद नसतो. आतले भरण, ते आवळून धरणारे पान आणि बाहेरचे नितळ वेष्टन, हे तिन्ही थर तंबाखूच्याच पानांचे. पाने वाळवून त्यांचे ढीग रचतात व महिनोन्‌महिने आंबवतात. ढिगात उष्णता वाढली की तो उलटून पुन्हा रचायचा. या क्रियेत पानातील अमोनिया निघून जातो आणि उग्रपणा उतरतो. मग कसबी कारागीर ती हाताने वळतात. तयार सिगार सीडर लाकडाच्या पेटीत, सुमारे ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत जपावा लागतो. आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेत तो उघडा ठेवला तर मऊ पडून बुरसतो. म्हणजे पेटीचा थाट निव्वळ मिरवण्यासाठी नाही. ओढायलाही पाऊण तास ते तासभर हवा. हातात मोकळा तास आहे, हेच खरे तर सिगार ओढणारा जगाला सांगत असतो.

मराठीला ही वस्तू नवी नाही. ‘चिरूट’ हा शब्द तमिळ ‘सुरुट्टु’वरून आला. तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली व दिंडीगुल येथील चिरूट इंग्रज अंमलदारांत प्रिय होते. ‘तंबाखू’ पोर्तुगीजांच्या ‘तबाकू’वरून आला आणि वस्तूही त्यांच्याच जहाजांतून आली. गोव्याच्या बंदरात उतरलेला माल घाट चढून आदिलशाही मुलखात जाई. हिंदुस्थानातील धूम्रपानाची पहिली शाही हकीकत त्याच मुलखातून सुरू होते.

अकबराचा दूत असद बेग १६०३-०४ च्या सुमारास विजापूरला गेला होता. तेथे त्याने तंबाखू प्रथमच पाहिला. परतताना त्याने तो सोबत नेला आणि बादशहासाठी रत्नजडित नळीही नेली. अकबराने कुतूहलाने काही झुरके घेतले. दरबारातील हकिमाने मात्र हरकत घेतली. ज्या औषधाबद्दल आपल्या ग्रंथांत काही लिहिलेले नाही ते बादशहाला कसे द्यायचे, असा त्याचा सवाल होता. असद बेगाने वाद घातला खरा, पण अकबराने सवय लावून घेतली नाही. उमरावांनी मात्र लावली आणि व्यापाऱ्यांनी लगेच विक्री सुरू केली. १६१७ मध्ये जहांगिराने मनाईचा हुकूम काढला, तोवर उशीर झाला होता. चारशे वर्षांपूर्वीही नळीवरची रत्ने आधी नजरेत भरली आणि हकिमाचे बोलणे मागे पडले.

पुढे हे पीक आपल्या शेजारीच रुजले. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. हा तंबाखू सिगारच्या कामाचा नाही. उन्हात वाळवून, चुरून, चाळून तो टेंभुर्णीच्या पानात वळतात. मात्र चैनीच्या धुरामागचे कष्ट कसे असतात, हे समजून घ्यायला हवानापर्यंत जावे लागत नाही. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. १४ मार्चला सुरू झालेले ते आंदोलन ६ एप्रिलच्या पोलीस गोळीबाराने संपले. त्यात १२ शेतकरी मारले गेले. त्याच काळात वखारींतील स्त्रियाही संघटित होत होत्या. तंबाखूच्या खकाण्यात दिवसभर काम करणाऱ्या या बायांवर ‘युगांतर’ या गटाने १९८२ मध्ये लघुपट केला, ‘तंबाकू चाकीला ऊब आली’. क्युबातील कारखान्यांत सिगार वळणाऱ्यांना वर्तमानपत्रे व कादंबऱ्या वाचून दाखवणारा माणूस असे. ‘मॉन्टेक्रिस्टो’ हे प्रसिद्ध नाव अशाच एका लाडक्या कादंबरीवरून पडले. केरळातील विडी कामगारांतही वाचनाची ही प्रथा होती. सिगारविषयी लिहिताना या गोष्टी मोठ्या रसाने सांगितल्या जातात, वखारीतला खोकला तेवढा राहून जातो.

‘सिगारचा धूर आत घेत नाहीत, म्हणून तो कमी घातक’ हा समज बैठकीत हमखास ऐकू येतो. तो खोटा आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने त्यातील निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तोंड, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांचा कर्करोग त्याने होतो. विडीचे तेच. किमतीतील अंतराचा शरीराला काही उपयोग नाही.

सरकारी तिजोरी मात्र ते अंतर जाणते. वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये विडीसाठी १८, तर सिगार-सिगारेटसाठी ४० टक्के दर ठरवला. २००३ च्या केंद्रीय कायद्याने तंबाखूच्या प्रत्यक्ष व आडून केलेल्या जाहिरातींना बंदी आहे. तरीही मोबाइलच्या पडद्यावर सिगारवाला नायक रोज दिसतो. यातले किती निव्वळ हौसेचे आणि किती कुणाच्या पैशाचे, हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग नाही. कायद्याचे हात इथे तोकडे पडतात, हे मान्य करायला हवे.

आपल्याकडे सार्वजनिक धूम्रपानाविरुद्धचा कायदा १९९७ मध्येच झाला, केंद्राच्याही आधी. लोंढामार्गे हुबळीला जाणाऱ्यांनी आता कर्नाटकातील नवी दुरुस्तीही लक्षात घ्यावी. मे २०२५ पासून तेथे तंबाखू विकत घेण्याचे किमान वय १८ ऐवजी २१ आहे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचा दंड २०० रुपयांवरून एक हजारावर गेला आहे. हुक्का बार चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षांचा कारावास होऊ शकतो.