चष्म्याच्या काचेवरची हिरवी झाक : गिऱ्हाइकाला काय सांगावे?

चष्म्याच्या धंद्यातील नांदेड-लातूरच्या बांधवांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, "ए.आर.सी. काचेचे जादा पैसे कशाचे? काच तर साधीच दिसते!" याचे उत्तर दुकानदाराला नीट देता आले पाहिजे.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून 8 टक्के. त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ थर दिला, की एक लहर थराच्या वरून आणि दुसरी थराच्या तळातून परतते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगटावर येतो व दोन्ही एकमेकींना मारतात. प्रकाश मात्र वाया जात नाही, तो काचेतून आत जातो. इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात 'किताब अल-मनाझिर'मध्ये परावर्तनाचा बारकाईने अभ्यास केला, परंतु प्रकाश ही लहर आहे हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हते.

थरांची जाडी बदलून परावर्तन वाढवताही येते. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 2023 साली मंजूर झालेल्या लायगो प्रकल्पाचे आरसे याच तत्त्वावरचे. आपल्या दुकानातली काच त्यांची गरीब नातलगच म्हणा!

माल पारखायचा तर काच ट्यूबलाइटखाली धरावी. थर असेल तर प्रतिबिंब हिरवट किंवा जांभळट दिसते आणि काच तिरपी केली की झाक बदलते, कारण तिरप्या किरणाला थर वेगळा लागतो. नुसत्या रंगवलेल्या काचेत असे होत नाही.

'ब्लू कट'बाबत मात्र जपून बोलावे. 2023 साली कोक्रेन संस्थेने 17 चाचण्यांचा आढावा घेतला. संगणकावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा थकवा या काचेने साध्या काचेपेक्षा कमी होतो, असे निदान थोड्या मुदतीत तरी आढळले नाही. डोळे वाचतील म्हणून ती विकणे म्हणजे मालाचा ऐब झाकण्यासारखेच आहे. गिऱ्हाईक स्वतःहून मागत असेल तर गोष्ट वेगळी.

शेवटी कारागिरांसाठी. फायबरची काच उष्णतेने थरापेक्षा जास्त फुगते व थराला बारीक तडे जातात. म्हणून फ्रेम तापवताना काच आधी काढून घ्यावी. उन्हाळ्यात बंद मोटारीत चष्मा ठेवू नये, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. धूळ बसलेली काच कोरडी पुसू नये, आधी पाण्याने धुवावी.