चाखल्याशिवाय कळत नाही

मगरिबची अजान होते. खजूर तोंडात जातो, मग पाण्याचा घोट. अरबस्तानातील अनेक घरांत इफ्तारला त्यानंतर येतो तो कहवा, म्हणजेच अरबी कॉफी. लांब चोचीच्या दल्लातून छोट्याशा बिनकानाच्या फिंजानमध्ये तो थोडाच ओतला जातो. भाजणी हलकी, म्हणून रंग फिकट सोनेरी. वेलचीचा दरवळ असतो, साखर मात्र नसते. गोडवा खजुराचा आणि कडवटपणा कहव्याचा! दिवसभर कोरड्या राहिलेल्या जिभेला या दोन चवी वेगवेगळ्याही कळतात आणि एकत्रही. २०१५ मध्ये युनेस्कोने या पेयाची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली.

कॉफीचे इबादतीशी नाते जुने आहे. १५व्या शतकात येमेनमधील सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जाग राहावी म्हणून ती पीत. पुढे कैरोतील अल-अझहर परिसरात येमेनी सूफी जिक्रच्या रात्री एकाच मोठ्या भांड्यातून सर्वांना कॉफी देत, असे वर्णन अल-जझिरी यांनी १६व्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात येते. १५११ मध्ये मक्केत तिच्यावर बंदीही आली, पण ती टिकली नाही. हजहून परतताना बाबा बुदन यांनी सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आपल्याकडची परंपरा सांगते. त्या डोंगररांगेला आजही त्यांचेच नाव आहे.

अरबीत चवीला 'जौक' म्हणतात. सूफींनी हाच शब्द प्रत्यक्ष अनुभवातून आलेल्या ज्ञानासाठी वापरला. इमाम गजाली (१०५८-११११) सांगतात, की आरोग्याची व्याख्या ठाऊक असणे वेगळे आणि निरोगी असणे वेगळे. काही गोष्टी ऐकून किंवा वाचून कळत नाहीत, त्या चाखाव्याच लागतात.

कॉफी चाखण्याची एक ठरलेली रीत आहे. तिला 'कपिंग' म्हणतात. वाडग्यात ८.२५ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी घ्यायची आणि आधी कोरड्या पुडीचा वास घ्यायचा. उकळी उतरल्यावर १५० मिलिलिटर पाणी ओतायचे आणि चार मिनिटे हात लावायचा नाही. मग वर आलेला पुडीचा थर नाक जवळ नेऊन चमच्याने मोडायचा. फेस काढून टाकायचा, थोडे निवू द्यायचे आणि चमचाभर घेऊन जोरात भुरका मारायचा. भुरक्याने कॉफी तोंडभर पसरते आणि तिचा गंध घशामागून नाकात चढतो. आंबट, गोड, कडू एवढे जीभ सांगते. बाकीचे बरेच काम नाकाचे असते. नाक दाबून एक घोट घ्यावा, मग नाक सोडावे. फरक लगेच कळतो.

त्यानंतर स्वतःला साधे प्रश्न विचारावेत. आंबटपणा लिंबासारखा टोचणारा आहे की पिकलेल्या संत्र्यासारखा? घोट पाण्यासारखा पातळ लागतो की ताकासारखा दाट? गिळल्यावर मागे काय उरते? निवत गेल्यावर चव सुधारते की बिघडते?

उत्तरासाठी शब्द लागतात. त्याकरिता १९९५ मध्ये अमेरिकेत चवींचे एक रंगीत चक्र तयार झाले आणि २०१६ मध्ये ते सुधारले गेले. त्यात ब्लूबेरी, जास्मिन असे शब्द आहेत. ज्याने ब्लूबेरी कधी खाल्लीच नाही, त्याने ती कपात शोधण्यात अर्थ नाही. गूळ, कोकम, जांभूळ, मनुका, लवंग, भाजलेले शेंगदाणे ही आपल्या जिभेची शब्दसंपत्ती आहे. घराच्या छपरावर अख्खे फळ वाळवून केलेल्या येमेनी कॉफीत मनुका आठवतात. पावसाळी दमट वाऱ्यात ठेवलेली आपली 'मान्सून्ड मलबार' आंबटपणा हरवून बसते आणि तोंडात जड लागते. चूक-बरोबर नंतर ठरेल. आधी जे जाणवले ते प्रामाणिकपणे सांगावे.

ज्यांचे पोटच या कामावर आहे, त्यांचा रमजानमध्ये कस लागतो. गरजेपोटी जिभेवर चव पाहून थुंकून टाकण्याची सवलत फिकहमध्ये आहे, पण थेंबही घशाखाली जाता कामा नये. भुरका मारताना हे सांभाळणे कठीण. म्हणून चाखण्याचे काम इफ्तारनंतर केलेले बरे. कॉफीची रोजची सवय असलेल्यांचे डोके पहिले दोन-तीन रोजे ठणकते, तेही रमजानआधी हळूहळू कप कमी केले तर टळते.

गजालींची कसोटी भुकेलाही लागू पडते. भुकेवर भाषणे पुष्कळ होतात. पण दुपारी चारला सुकलेला घसा आणि स्वयंपाकघरातून येणारा वास एकत्र अनुभवला, की उपाशी माणूस म्हणजे काय ते समजते. रोजेदाराची भूक मगरिबला संपणार हे त्याला ठाऊक असते. अनेकांच्या भुकेला अशी वेळ ठरलेली नसते. हा फरक ज्याच्या जिभेला कळला, त्याचा हात जकात आणि फित्रा देताना आखडत नाही. पहिला घोट सावकाश घ्यावा, त्याची चव ओळखावी, शुक्र अदा करावा आणि दुसरा फिंजान शेजाऱ्यासाठी भरावा.