विधी महाविद्यालय आणि मंडळ : मोफत कायदेविषयक मदतीची जोडणी



आपल्या भागात कोर्टाचा कागद बहुधा कानडीत येतो. घरात कानडी वाचणारे कोणी नसेल तर तो घडी घालून ठेवला जातो, आणि दिवस मात्र मोजले जात असतात. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. कोर्टाने मुदत वाढवली तरी साधारणपणे ९० दिवसांपर्यंतच.

अशा वेळी वकील मोफत मिळू शकतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी हा हक्क आहे. निपाणीत विडी वळणारी बाई असो, की हक्कसोडपत्रावर सही मागितली गेलेली बेळगावची लेक, दोघीही यात बसतात. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

दुसऱ्या बाजूला, बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयाने ज्येष्ठ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कायदा मदत केंद्र चालवायचे असते. बेळगावात १९३९ साली सुरू झालेले राजा लखमगौडा आणि के.एल.ई. संस्थेचे बी. व्ही. बेल्लद अशी विधी महाविद्यालये आहेत. विद्यार्थ्यांना अनुभव हवा, आपल्या लोकांना मदत हवी. ही जोडणी टिकवायची तर कामाची वाटणी आधीच लेखी ठरवावी.

विद्यार्थी : कागद वाचणे, मराठीत समजावणे, तारखा टिपणे, अर्ज लिहून देणे. सनद नसल्याने त्यांना कोर्टात बाजू मांडता येत नाही, हे येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगावे.

महाविद्यालय : प्रत्येक सल्ला प्राध्यापकांनी तपासलेला असावा.

विधी सेवा प्राधिकरण : वकील नेमणे. अर्ज तालुका समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे करता येतो. मदतीचा फोन १५१०० आहे.

मंडळ : ठरलेला वार, स्वतंत्र खोली आणि नोंदवही. खोलीत कार्यकारिणीच्या कोणीही बसू नये. भाऊबंदकीचे प्रकरण गावभर झाले, तर दुसऱ्या दिवसापासून कोणी येणार नाही.

नोंदवहीवर मी जास्त भर देतो, कारण शेवटच्या वर्षाची मुले परीक्षा होताच निघून जातात. बँकेत अधिकाऱ्याची बदली झाली की चार्ज लेखी द्यावा लागतो, म्हणून खातेदाराचे काम अडत नाही. इथेही जाणाऱ्या तुकडीने प्रत्येक प्रकरणाची पुढची तारीख नव्या तुकडीच्या हाती सहीनिशी द्यावी.

आणखी एक गोष्ट. सीमाप्रश्नावरील आपली भूमिका आपल्या जागी आहे. पण कानडी घरातली मुलगी तो कागद अचूक वाचणार असेल, तर तिला मानाने बोलवावे. एक कानडी जाणणारा आणि एक मराठीत समजावणारा विद्यार्थी अशी जोडी प्रत्येक बैठकीला असावी.

यश शिबिराच्या फलकावरून आणि फोटोंवरून मोजू नये. किती कागद मुदतीत वाचले गेले आणि किती जण वकिलापर्यंत पोहोचले, एवढेच वर्षअखेरीस पाहावे.

तोवर प्रत्येक घरी एवढे करता येईल : नोटीस आली की पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा, पाकीट फेकू नका, आणि न समजलेल्या कागदावर सही करू नका. ज्यांची मुले कायदा शिकत आहेत, त्यांनी मंडळाकडे नाव जरूर कळवावे.