चष्म्याच्या दुकानातून ऑप्टोमेट्रीच्या वर्गात

मुलगा किंवा मुलगी बारावी सायन्स पास झाली की चष्म्याचा धंदा करणारे आपले अनेक बांधव विचारतात, ऑप्टोमेट्रीला घातले तर दुकानाला उपयोग होईल काय? होईल, परंतु पहिल्या वर्षी नाही. ही गोष्ट आधी ठाऊक नसल्यामुळे घरात कुरबुरी होतात. लहानपणापासून काच घासण्यात ज्याचा हात बसला आहे, तोच मुलगा वर्गात लवकर कंटाळतो, कारण त्याला वाटते की आपल्याला धंदा तर येतोच.

आपल्या देशात या विषयाच्या पहिल्या शाळा 1958 साली अलीगढ व हैदराबाद येथे निघाल्या, आणि 1985 साली मद्रासला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आज मुंबई-पुण्यातही ही पदवी घेता येते. तीन वर्षे अभ्यास व एक वर्ष इंटर्नशिप अशी आजवरची सर्वसाधारण रीत आहे. 2021 साली या व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा झाला, तेव्हा प्रवेश घेताना कालावधी व मान्यता कॉलेजात लेखी विचारून घ्यावी.

पहिल्या वर्षाचा बराचसा भाग चष्म्याचा नसून शरीराचा असतो. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि मग डोळ्याची रचना. डोळा फिरवणारे सहा स्नायू कोणते, त्यांना हुकूम देणाऱ्या नसा मेंदूतून कोठून निघतात, हे पाठ करावे लागते. मुलाला प्रश्न पडतो, याचा नंबर काढण्याशी काय संबंध? संबंध असा की गिऱ्हाईक एकाएकी दोन-दोन वस्तू दिसतात म्हणून आले, तर त्याला चष्मा विकायचा नसतो, ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचे असते. ते ओळखण्याची तयारी येथूनच सुरू होते. आहारशास्त्र, मानसशास्त्र, संगणक हे लहान विषय फारसा त्रास देत नाहीत.

खरी कसोटी प्रकाशशास्त्राची. दुकानात मायनस दोन म्हणजे खोक्यातली एक काच. वर्गात विचारतात, दोन डायॉप्टर म्हणजे अंतर किती? उत्तर अर्धा मीटर. ज्याचा नंबर मायनस दोन, त्याला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरच्या पलीकडचे धूसर दिसते. हे एकदा समजले की नंबर पाठ करण्याची वस्तू राहत नाही. पुढे आरसे, जाड भिंगे, प्रिझम अशी गणिते येतात, आणि अधिक-उणे चिन्हाची एक चूक झाली तरी सगळे उत्तर उलटते. अकरावी-बारावीत ज्यांनी भौतिकशास्त्र रेटून नेले, ते येथे अडकतात.

मात्र याच विषयात दुकानदाराच्या मुलाचा फायदाही आहे. नवा चष्मा घेऊन गेलेले गिऱ्हाईक चार दिवसांनी परत येते, डोके दुखते म्हणते. आपण म्हणतो नंबर चुकला असेल, आणि पदरचे पैसे घालून काच बदलून देतो. पुष्कळदा नंबर बरोबर असतो, काचेचे केंद्र बुबुळासमोर बसलेले नसते. काच मायनस सहाची आणि केंद्र 5 मिलिमीटर सरकलेले असेल, तर अर्धा सेंटिमीटर गुणिले सहा, म्हणजे तीन प्रिझमचा ओढा त्या डोळ्यावर पडतो. हे गणित पहिल्या वर्षाअखेर किंवा दुसऱ्या वर्षी शिकवतात, आणि ज्याने हजार चष्मे बसवले आहेत त्याला ते चटकन समजते. बापाने रविवारी मुलाला गल्ल्यावर बसवण्यापेक्षा तक्रारीचे चष्मे त्याच्यापुढे ठेवावेत.

रुग्ण तपासणे पहिल्या वर्षी जवळजवळ नाही. सहा मीटरवरचा तक्ता वाचून घेणे, तक्रार विचारून लिहून घेणे, मोठ्या विद्यार्थ्यांच्या मागे उभे राहून पाहणे, आणि एकमेकांचेच डोळे तपासणे एवढेच. त्यामुळे रेटिनोस्कोपसारखी महाग उपकरणे आधीच विकत घेऊ नयेत. दोन बुबुळांमधील अंतर मोजण्याची पट्टी व छोटी बॅटरी यावर हे वर्ष निघते.

दोन अडचणी आपल्या मुलांना विशेष जाणवतात. पुस्तके इंग्रजीत आहेत. उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाने रोज दहा शब्द अर्थासह वहीत लिहिले, तर दिवाळीपर्यंत निभावते. दुसरी अडचण हजेरीची. सणासुदीच्या गर्दीत मुलाला पंधरा दिवस दुकानावर बोलावण्याची आपल्याकडे सवय आहे. प्रात्यक्षिके बुडाली की परीक्षेला बसू देत नाहीत, आणि एका हंगामाच्या विक्रीपायी सहा महिने जातात.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नये. तेथे स्वतःचे नेत्ररुग्णालय किंवा चालू ओपीडी आहे काय आणि दिवसाला किती रुग्ण येतात, हे तेथील तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचारावे. पत्रव्यवहाराने ही पदवी मिळवून देतो म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नयेत.