वायुवाहिनीची चावी : निवड आणि निगा

गावच्या पाणीपुरवठ्याची चावी सोडणारा माणूस सर्वांच्या परिचयाचा असतो. खांद्यावर लोखंडी दांडा, रस्त्याकडेच्या खड्ड्यात वाकून दहा-पंधरा फेरे, आणि मग अमुक आळीला पाणी सुरू. चावीच्या दांड्यापाशी थोडे पाणी ठिबकत असले तर त्याची कोणी फारशी तक्रार करीत नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या परिसरात आता पाण्याच्या नळाशेजारून नैसर्गिक वायूची नलिकाही गेलेली आहे आणि तिच्यावरही अशाच चाव्या, म्हणजे व्हॉल्व्ह, बसविलेले आहेत. दोहोंचे काम वरवर सारखेच असल्यामुळे पाण्याच्या चावीविषयीच्या आपल्या सवयी वायूच्या चावीलाही लागू पडतात, असा समज सहज होतो. तो समज दूर व्हावा, हा या लेखाचा हेतू आहे.

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हापासून या पट्ट्यात कारखानदारी वाढत गेली व पुढे ती चाकणपर्यंत पोहोचली. लोखंड तापविणाऱ्या भट्ट्या आणि रंग सुकविण्याच्या भट्ट्या पूर्वी जड इंधन तेलावर किंवा द्रवरूप पेट्रोलियम वायूवर चालत. गेल व भारत पेट्रोलियम या दोन कंपन्यांनी मिळून २००६ साली महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड ही कंपनी स्थापन केली आणि पुणे, पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात नलिकेद्वारे वायू मिळू लागला. धूर कमी झाला, इंधनाची साठवण टळली. मात्र साठवण नाही याचाच दुसरा अर्थ असा की, वायू अखंड येत असतो. सिलिंडर केव्हातरी संपतो, नलिका संपत नाही. ती थांबवावी लागते.

नैसर्गिक वायू म्हणजे प्रामुख्याने मिथेन. तो हवेपेक्षा हलका, त्यामुळे मोकळ्या जागेत वर निघून जातो. सिलिंडरमधील वायू जड असल्याने जमिनीलगत साचतो. हा फरक मिथेनच्या बाजूचा आहे. परंतु बंद खोलीत तो छताखाली साचतो आणि जमिनीखाली गळती झाल्यास गटारातून किंवा केबलच्या नळीतून दूरवर सरकतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की, एक ठिणगी पुरते. त्याला स्वतःचा वास नसतो; म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन हे दुर्गंधीयुक्त द्रव्य मिसळतात.

शहराच्या पोलादी मुख्य वाहिनीत वायूचा दाब ४९ बारपर्यंत असू शकतो. पुढे पॉलिएथिलीनच्या नळीत तो ४ बारपर्यंत उतरविला जातो आणि स्वयंपाकघरातील शेगडीपाशी अवघा २१ मिलिबार उरतो. व्हॉल्व्ह निवडताना पहिला प्रश्न असतो तो या पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीचा, हा. शेगडीजवळचा पितळी कॉक भट्टीच्या वाहिनीला लावणे धोक्याचे आहे. पाण्यासाठी बनविलेला व्हॉल्व्ह कोणत्याही पायरीवर चालत नाही, मग आटे जुळोत की न जुळोत.

पाण्याच्या वाहिनीवर बहुधा गेट व्हॉल्व्ह असतो. त्यातील पाते फेऱ्याफेऱ्याने खाली येते. खाचेत गंज किंवा कचरा अडकला, तर ते पुरते बसत नाही. पाण्याच्या बाबतीत याचा परिणाम म्हणजे थोडी गळती. वायूच्या बाबतीत तो काय होईल, हे सांगावयास नको. शिवाय चाकावरून व्हॉल्व्ह उघडा आहे की बंद, हे लांबून कळत नाही. म्हणून वायूसाठी बॉल व्हॉल्व्हला पसंती दिली जाते. त्यात आरपार भोक असलेला गुळगुळीत गोळा असतो. मूठ पाव फेरा फिरविली की भोक आडवे होऊन वाट बंद. मूठ नळीच्या दिशेने असेल तर वायू चालू, आडवी असेल तर बंद; अंधुक उजेडातही हे ओळखता येते. मात्र मूठ एकदा काढून पुन्हा बसविलेली असेल, तर ती उलट बसलेली नाही ना, हे दांड्यावरील खुणेवरून ताडून पाहावे.

या गोळ्याभोवती टेफ्लॉनसारख्या मऊ पदार्थाची बैठक असते. तिच्यामुळेच तो घट्ट बसतो. परंतु आगीत ती बैठक जळून जाते आणि नेमक्या त्याच वेळी व्हॉल्व्हची खरी गरज असते. यास्तव मऊ बैठकीच्या मागे धातूची बैठक असलेला, आगीत पारखलेला व्हॉल्व्ह घ्यावा. एपीआय ६०७ किंवा आयएसओ १०४९७ या मानकांनुसार त्याची कसोटी घेतली जाते. खरेदीच्या कागदांत त्या कसोटीचे प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरील क्रमांक व्हॉल्व्हवरील क्रमांकाशी जुळवून घ्यावा. विक्रेत्याचा शब्द येथे पुरेसा नाही.

माणूस धावत पोहोचण्यापूर्वी वायू थांबावा, यासाठी स्वयंचलित व्हॉल्व्ह असतात. दाब उतरविणाऱ्या रेग्युलेटरचा पडदा फाटला, तर वरचा दाब जसाच्या तसा पुढे घुसेल. म्हणून त्याच्याजोडीला स्लॅम-शट व्हॉल्व्ह बसवितात. पुढचा दाब मर्यादेबाहेर जाताच तो मिटतो. भट्टीच्या बर्नरपूर्वी विजेवर चालणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतात. वीज असेपर्यंत ते उघडे, वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने बंद. ज्योत विझली तरी बंद. असे दोन व्हॉल्व्ह एकापाठोपाठ असावेत, म्हणजे एकाने दगा दिला तरी दुसरा राहतो. येथे एक मुद्दा आग्रहाने सांगावासा वाटतो. वीज परत आल्यावर हे व्हॉल्व्ह आपणहून उघडता कामा नयेत. ज्योत विझलेली आणि वायू सुरू झालेला, अशी भट्टी म्हणजे स्फोटाची तयारीच होय. कारण शोधून, भट्टीत ताजी हवा खेळवून, मगच माणसाने हाताने पुन्हा सुरुवात करावी. दर वेळी खाली वाकावे लागते म्हणून काही ठिकाणी फिटर ही व्यवस्था जोडतारीने बगल देऊन निकामी करतात. पर्यवेक्षकांनी ते खपवून घेऊ नये.

भोसरीतील एका लहान कारखान्यात प्रस्तुत लेखकाला उत्तम प्रतीचा, प्रमाणपत्रासह घेतलेला व्हॉल्व्ह दाखविण्यात आला. त्याची मूठ जागेवर नव्हती. येता-जाता कपडे अडकतात म्हणून ती काढून स्टोअरमध्ये ठेवलेली होती आणि स्टोअरला दुसऱ्या पाळीत कुलूप असे. भट्टी दोन्ही पाळ्यांत चालू होती. पैसे खर्च करूनही त्या कारखान्यात रात्रीपुरता व्हॉल्व्ह नव्हताच, असे म्हणावे लागते.

अंतर आणि वेळ यांची किंमत अमेरिकेतील सॅन ब्रुनो या गावाने मोजली आहे. ९ सप्टेंबर २०१० रोजी तेथे ३० इंची वायुवाहिनी फुटली. आठ माणसे मृत्युमुखी पडली व ३८ घरे नष्ट झाली. वाहिनीवर व्हॉल्व्ह होते, पण ते हाताने बंद करावयाचे होते. माणसे तेथवर पोहोचून वायू थांबेपर्यंत सुमारे ९५ मिनिटे गेली. तोपर्यंत आग धुमसत राहिली. चौकशीत दूरनियंत्रित किंवा स्वयंचलित व्हॉल्व्ह नसल्याकडे बोट दाखविण्यात आले.

कारखान्याचा मुख्य व्हॉल्व्ह इमारतीच्या बाहेर, भट्टीपासून दूर आणि आग लागली तरी गाठता येईल अशा जागी हवा. त्याच्यापुढे माल रचू नये. वर्षानुवर्षे न हललेला व्हॉल्व्ह ऐन वेळी हलत नाही. या पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. भट्टी थंड असताना अशा एखाद्या गुरुवारी तो बंद करून पाहावा आणि सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. काडी पेटवून गळती शोधण्याची प्रथा अद्याप पुरती गेलेली नाही, ही खेदाची बाब आहे.

ग्रामपंचायतींचा संबंध खोदकामाशी येतो. गटार, पाण्याची नळी किंवा केबल यांसाठी खोदण्याची परवानगी देण्यापूर्वी वायू कंपनीकडून जागेवर खूण करून घ्यावी, कारण जेसीबीच्या दात्यापुढे पॉलिएथिलीनची नळी टिकत नाही. मोठ्या वाहिन्यांसाठी १९६२ च्या कायद्यान्वये ज्या जमिनीत वापरहक्क घेतलेला असतो, तेथे बांधकाम करणे, विहीर खणणे किंवा झाडे लावणे यांस मनाई आहे. रस्त्याचे डांबरीकरण करताना व्हॉल्व्हच्या चेंबरचे झाकण डांबराखाली गेले नाही ना, हे सदस्यांनी स्वतः जाऊन पाहावे.

रस्त्यावरील वाहिनीचा व्हॉल्व्ह मात्र गावकऱ्यांनी फिरवू नये. ते काम कंपनीच्या माणसांचे. फुटलेल्या नळीवर ज्योत पेटलेली असेल, तर वायू थांबण्याआधी ती विझविण्याचाही प्रयत्न करू नये. ज्योत विझली आणि वायू येतच राहिला, तर तो आसपास साचतो. लोकांना दूर हटवावे आणि कंपनी व अग्निशमन दलास कळवावे. घरात किंवा शाळेच्या स्वयंपाकघरात वास आल्यास कॉक आडवा करावा, खिडक्या उघडाव्यात, दिव्याच्या बटणाला हात लावू नये आणि दूरध्वनी बाहेर जाऊन करावा. बंद केलेला व्हॉल्व्ह शेजाऱ्याने घाईने पुन्हा उघडू नये म्हणून त्यापाशी कोणीतरी उभे राहावे.